मजकूर तोच, वाचक वेगळा: दगडापासून मोबाईलपर्यंत मराठी अक्षरं कुणासाठी लिहिली गेली?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठा समाजातल्या कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम या समितीकडे होतं. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत तहसील कार्यालयं, जुन्या शाळा आणि भूमी अभिलेख कार्यालयांच्या रेकॉर्ड रूम उघडल्या गेल्या. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, खासरा पत्रकं, हक्क नोंदणीची पानं बाहेर आली. आणि अनेक ठिकाणी काम एका साध्या प्रश्नापाशी येऊन अडलं: हे वाचणार कोण?

नोंदी मराठीतच होत्या. गावाचं नाव, माणसाचं नाव, जात, तारीख, सगळं मराठीत. पण लिपी मोडी. मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या काही नोंदी उर्दूत होत्या, तो भाग वेगळा. मातृभाषेत लिहिलेला स्वतःच्या पणजोबांचा उल्लेख डोळ्यांसमोर असूनही पणतूला तो वाचता येत नव्हता. वर्षानुवर्षं हौस म्हणून मोडी शिकणाऱ्या लोकांना अचानक सरकारी कार्यालयांतून बोलावणी येऊ लागली. एखादी ओळ नीट वाचली गेली की नाही, यावर कुणाचा तरी दाखला अवलंबून होता.

आपण 'मजकूर' म्हणतो तेव्हा त्यातले शब्द आणि त्यांचा अर्थ डोळ्यांसमोर असतो. पण तो कशावर लिहिलाय, कोणत्या लिपीत लिहिलाय, अक्षरं केवढी आहेत आणि कागदाचा कोपरा शाबूत आहे की फाडलेला, यावरूनही बरंच काही ठरतं. मुख्य म्हणजे, तो कोण वाचू शकेल आणि कोण नाही, हे ठरतं. मराठीपुरतं पाहिलं तरी गेल्या हजार वर्षांत याची भरपूर उदाहरणं सापडतात.

मोडी म्हणजे नेमकं काय?

मोडी ही वेगळी भाषा नाही. ती मराठी लिहिण्याची धावती लिपी आहे. यादवांच्या काळातल्या हेमाद्री पंडिताने, म्हणजे हेमाडपंताने ती प्रचारात आणली, असं परंपरा सांगते. यादवकाळ ते इंग्रजी अमदानी असा मोठा प्रवास तिने केला आणि प्रत्येक काळात तिचं वळण बदलत गेलं. म्हणूनच पेशवेकालीन मोडी सहज वाचणारा माणूसही शिवकालीन कागदावर अडखळू शकतो.

लिहिण्याची पद्धत समजून घेतली की ती वाचायला अवघड का, हे कळतं. लेखक आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढून घ्यायचा. मग बोरूने त्या रेघेखाली अक्षरं लटकवत जायचा, शक्य तितका हात न उचलता. अक्षर आणि त्याचा काना एका झटक्यात यावा म्हणून अक्षरांचे आकारच वळवलेले होते. ह्रस्व आणि दीर्घ असा भेद जवळजवळ नाहीच. दोन शब्दांत मोकळी जागा नाही. विरामचिन्हं नाहीत. देवनागरीत प्रत्येक अक्षराला थांबून डोक्यावर रेघ द्यावी लागते, तो सगळा वेळ इथे वाचायचा. रोज शेकडो पत्रं, हिशेब आणि सनदा लिहिणाऱ्या दप्तराला हीच सोय हवी होती.

जी गोष्ट लिहिणाऱ्याला सोपी, ती वाचणाऱ्याला अवघड. पण दप्तरात लिहिणारा आणि वाचणारा एकाच पेशातले होते. त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

निदान दप्तराच्या आत तरी नव्हती. बाहेर बसलेल्या शेतकऱ्याचं काय, हा प्रश्न उरतोच. गावात मोडी लिहिणारा-वाचणारा म्हणजे बहुतेक वेळा कुलकर्णी किंवा सावकाराचा कारकून. ज्याच्या नावावर कर्जरोखा, तो अंगठा उठवून मोकळा. कागदावर काय लिहिलंय याची खातरजमा करायला त्याच्याकडे मार्ग नव्हता. जोतीराव फुले यांनी १८८० च्या दशकात 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं, त्यात ही फसवणूक हा एक मुख्य मुद्दा आहे. मोडीबद्दल आज जे हळवेपण दिसतं, त्यात ही बाजू फारशी येत नाही.

शिक्का, मोर्तब आणि '१॥'

दप्तराच्या कागदाला स्वतःचं व्याकरण होतं. पत्राच्या वरच्या भागात शिक्का उमटायचा. मजकूर संपला की शेवटी 'मोर्तब' नावाचा छोटा शिक्का. हा शेवटचा शिक्का म्हणजे 'इथे मजकूर संपला', याच्या खाली कुणी ओळ घुसडली तर ती खोटी. आज मंत्रिमंडळाने एखाद्या निर्णयावर 'शिक्कामोर्तब' केल्याची बातमी येते, तेव्हा आपण या दोन शिक्क्यांचीच आठवण काढत असतो, फक्त कागद विसरलेला असतो.

तारखांचीही अशीच गंमत. अनेक मराठी कागदांत सुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नसून अरबी संख्यावाचक शब्दांत असतो. सलास म्हणजे तीन, अर्बा म्हणजे चार, खमस म्हणजे पाच. म्हणजे लिपी मोडी, भाषा मराठी, दरबारी शब्द फारसी आणि वर्ष अरबीत. शुद्ध मराठीच्या वादात हिरिरीने उतरणाऱ्यांनी असा एखादा कागद जरूर पाहावा.

अपूर्णांक मात्र आजही अनेक घरांत जिवंत आहेत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '१॥' म्हणजे दीड. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिणाऱ्या आजीच्या हस्ताक्षरात '१॥ लि.' दिसलं, तर ते थेट पेशवे दप्तराच्या जमाखर्चातून आलेलं चिन्ह आहे.

हे कागद कापडात बांधून ठेवत. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही रुमालांच्या हिशेबानेच मोजदाद होते, आणि त्यातले कितीतरी कागद अजून कुणी नीट वाचलेले नाहीत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे, कारण तिथे मराठ्यांचं राज्य होतं आणि कारभार मराठीत चालायचा.

वाचता न येणाऱ्यांनाही कळेल असा मजकूर

मोडी कागद मोजक्यांसाठी होता. दगडावरचा मजकूर सगळ्यांसाठी असायचा. काळ्या दगडावरची रेघ ही म्हण उगाच पडलेली नाही. राजा बदलला, पुजारी बदलला, तरी दान दिलेल्या जमिनीची अट टिकावी, म्हणून ती दगडात कोरायची.

पण गावात वाचता येणारे किती? मग बाकीच्यांना ती अट कळणार कशी? शिलाहार आणि यादवांच्या काळातल्या गधेगळींनी याचं सरळ, ऐकायला ओंगळ उत्तर शोधलं होतं. उभ्या दगडाचे साधारण तीन भाग. वर सूर्य आणि चंद्र: ते आकाशात असेपर्यंत हे दान टिकेल. मधे कोरलेला लेख: कुणी, कुणाला, काय दिलं. खाली गाढव आणि बाई यांचं शिल्प. ती शिवी आहे. जो हे दान मोडेल त्याच्या आईवर काय ओढवेल, हे चित्रातच दाखवलेलं. मधला भाग वाचता आला नाही तरी वरचा आणि खालचा भाग कुणालाही कळायचा. शिक्षा मोडणाऱ्याला आणि अपमान त्याच्या आईचा, हे बाईच्या अब्रूवर पुरुषांचे व्यवहार पेलण्याचं जुनंच गणित त्या दगडातही आहे. अलिबागजवळच्या अक्षी इथला अशाच शापवचनाचा शिलालेख इ.स. १०१२ चा मानला जातो, त्याच्या वाचनावर आणि काळावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

याच्या नेमकं उलट टोक सोलापूर जिल्ह्यात आहे. भीमा आणि सीना नद्यांच्या संगमावरच्या हत्तरसंग-कुडल इथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा एक लेख आहे. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातल्या मराठी ओळीचा आशय असा की, जो हे वाचेल तो विजयी होईल. एक दगड मोडणाऱ्याला शाप देतो, दुसरा वाचणाऱ्याला आशीर्वाद. हजार वर्षांपूर्वी वाचता येणं ही किती दुर्मीळ गोष्ट असेल, हे त्या आशीर्वादावरून कळतं.

सगळ्यात लांबलचक मराठी शिलालेखांपैकी एक मात्र महाराष्ट्रात नाहीच. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजी राजे दुसरे यांनी भोसले घराण्याचा इतिहास देवनागरीत कोरून घेतला. तमिळ मुलखात, चोळांच्या मंदिरावर, मराठीत. आजूबाजूच्या किती लोकांना तो वाचता येणार होता, हा प्रश्न राजाला पडला नसावा. काही मजकूर वाचला जाण्यासाठी नसतोच, तो 'आहे' एवढंच सांगण्यासाठी असतो.

न वाचता कळणारा मजकूर ही फक्त प्राचीन गोष्ट नाही. भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये आलं आणि मराठी घरांनी त्याचीही एक खूण ठरवली. मृत्यूची बातमी असेल तर माथ्यावर 'श्री' नसायचा आणि कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमनच्या हातात ते कार्ड दिसलं की एकही अक्षर वाचण्याआधी घरात रडारड सुरू व्हायची. वाचून झालं की ते फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. तारेचं तर त्याहून थेट होतं. 'तार आलीय' एवढ्या दोन शब्दांनीच घरातल्यांचा ठोका चुकायचा. १४ जुलै २०१३ हा देशातल्या तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला. आता ही बातमी ग्रुपवर येते, नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत.

सगळ्यांना कळू नये म्हणून

मराठीत असा मजकूरही आहे जो मुद्दाम लपवला गेला. महानुभाव पंथाच्या अनुयायांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध 'सकळ लिपी'. यात ओळखीच्या अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं किंवा चिन्हं येतात. किल्ली माहीत असेल त्यालाच वाचता येतं.

परिणाम असा झाला की 'लीळाचरित्र'सारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ शतकानुशतकं मठांमध्येच राहिला आणि बाहेरच्या मराठी वाचकाला त्याचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि मराठी साहित्याच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. पंथ पंजाबपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे तिकडच्या मठांतही मराठी पोथ्या जपल्या गेल्या. लपवल्यामुळे त्या टिकल्या, की लपवल्यामुळे शतकानुशतकं वाचकांना मुकल्या? दोन्ही खरं आहे.

रोमनमधली मराठी: ४०० वर्षांपूर्वीची आणि आजची

'kay करतोयस' छापाचे मेसेज रोमन अक्षरांत टाइप करणाऱ्या तरुणांवर मराठी बिघडवल्याचा आरोप नेहमी होतो. पण रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा मान मोबाईलला मिळत नाही. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. १५७९ मध्ये तिथे आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये रायतूर इथे छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. कारण साधं होतं: छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. त्या काळात छापलेली मूळ प्रत आज उपलब्ध नाही. लंडनच्या 'सोआस' संस्थेच्या ग्रंथालयात मात्र या ग्रंथाचं देवनागरीतलं हस्तलिखित आहे.

चारशे वर्षांनंतर कारण तेच राहिलं. सुरुवातीच्या मोबाईल फोनवर देवनागरी लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून लोक रोमनकडे वळले. सोय आली तोवर बोटांना सवय लागली होती. यात तोटा होतो तो 'ळ'सारख्या अक्षरांचा. रोमनमध्ये त्यासाठी वेगळं अक्षरच नाही, त्यामुळे 'काळ', 'काल' आणि 'कल' हे सगळे संदर्भावरून ओळखावे लागतात. 'न' आणि 'ण' यांचंही तेच.

छापखान्याने कुणाला आत घेतलं?

मोडी मागे पडण्याचं एक मोठं कारण छपाईत आहे. विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडीचे खिळे पाडून घेतले होते आणि त्यांचा १८१० चा मराठी शब्दकोश त्यात छापला. पण हात न उचलता लिहायची लिपी सुट्या धातूच्या तुकड्यांत तोडायची म्हणजे तिचा जीवच काढून घेण्यासारखं. देवनागरीची अक्षरं मुळातच सुटी उभी राहतात. शिवाय तिला 'बालबोध' म्हणायचे, म्हणजे मुलांनाही कळेल अशी. शाळेची पुस्तकं, वर्तमानपत्रं, पंचांगं या लिपीत येऊ लागली. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या 'निर्णयसागर'ने देवनागरी खिळ्यांना असं वळण दिलं की ते मराठी छपाईचं मानक झालं. मोडी सरकारी दप्तरात आणखी काही दशकं रेंगाळली, शाळेतही शिकवली गेली, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपलीच.

देवनागरीचा जुळारी होणं सोपं काम नव्हतं. जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या धरून शेकडो खाने असलेल्या केसमधून उलट दिसणारा एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायची. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी इ, ई, उ, ऊ ऐवजी 'अ'लाच वेलांटी-उकार देण्याची 'अ'ची बाराखडी सुचवली. लिपी सुधारणेच्या या सगळ्या चळवळींमागे भाषाप्रेम होतं, तसा छापखान्यातला खर्चही होता.

पण यातून घडलेली मोठी गोष्ट वेगळीच. बालबोध, छपाई आणि शाळा एकत्र आल्या तेव्हा लिहिणाऱ्यांच्या रांगेत आजवर नसलेली माणसं उभी राहिली. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एक निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी होती फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुक्ता साळवे. तिच्या आधीच्या पिढीने कागदावर अंगठ्यापलीकडे काही उमटवण्याची शक्यता जवळपास नव्हती. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं. ज्यांना मुकं ठेवलं त्यांचा नायक, असं नाव वर्तमानपत्राला देणं हेच मुळात छापील मजकुरावरचा हक्क सांगणं होतं.

छापखाना परवडत नव्हता तेव्हाही लोकांनी वाट काढली. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' हे अनियतकालिक काढलं, ते चक्रमुद्रित होतं. स्टेन्सिलवर टंकलेखन करायचं, शाई लावायची, हँडल फिरवायचं. मराठी लघु-अनियतकालिकांची चळवळ पुढे अशाच कमी पैशांच्या यंत्रांवर उभी राहिली.

'आचार्यांना' बोलवायचं की 'आचाऱ्यांना'?

लग्नाच्या घरात हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या शब्दाने गुरुजी येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. उच्चारातला फरक लिपीत दाखवण्यासाठी मराठीने 'ऱ्य' असा वेगळा आकार जपला आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदीसाठी बनवलेल्या कळफलकावर तो सापडत नाही आणि घाईत लिहिणारा 'र्य' लिहून पुढे जातो. अशाने एखाद्या बातमीत 'अधिकार्‍यांनी'चं 'अधिकार्यांनी' होतं, आणि हळूहळू डोळ्यांना तेच बरोबर वाटू लागतं.

'ल'चं आणखी वेगळं आहे. मराठीचा 'ल' पाकळीयुक्त, म्हणजे दोन पाकळ्या जोडल्यासारखा. हिंदीत तो दंडयुक्त. 'श'च्या आकारातही फरक आहे. पण युनिकोडमध्ये दोन्ही 'ल'साठी एकच कोड आहे. कोणता आकार दिसेल, हे फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी भाषेसाठी वेगळा आकार आत ठेवलेला असतो. मजकुराची भाषा 'मराठी' आहे असं वेबसाइट किंवा ॲपने सांगितलं, तरच तो बाहेर येतो. बहुतेक ठिकाणी कुणी सांगतच नाही. महाराष्ट्र सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमाला आणि अक्षरांचे आकार ठरवून दिले. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी 'अॅप' लिहायचं तर 'अ'वर चंद्र चिकटवावा लागायचा, आणि तसे लिहिलेले शब्द आजही शोधताना वेगळे मानले जातात. डोळ्यांना एक, संगणकाला दोन.

वाचण्याआधी दिसणारी अक्षरं

वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आठवा. बोटभर जागेत चार-पाच नाटकं. त्यात फोटो नाही, रंग नाही, तरी नाटक विनोदी की गंभीर हे नावावरूनच कळायचं. यामागे अक्षरकार कमल शेडगे यांचा हात होता. शब्दाचा स्वभाव अक्षरांतच उतरवायचा, ही त्यांची पद्धत. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं.

र. कृ. जोशी हे नाव त्या मानाने कमी लोकांना माहीत असेल, पण त्यांचं काम भारतात कोट्यवधी लोकांनी पाहिलंय. कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधले अध्यापक असलेल्या जोशींनी 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घडवला. विंडोजवर हिंदी किंवा मराठी उघडलं की पूर्वी तोच दिसायचा. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून स्वतःचं सुलेखन उभं केलं. दप्तरासाठी घडलेली वळणं त्यांनी कॅनव्हासवर नेली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात, त्यामुळे लग्नपत्रिकेपासून राजकीय पोस्टरपर्यंत ते सगळीकडे दिसतात.

यात एक वर्ग मात्र मागे पडला: ब्रशने पाट्या रंगवणारे पेंटर. फ्लेक्स आला आणि गल्लोगल्लीचा 'आर्ट्स'वाला पेंटर संपला. प्रत्येक गावात त्याच्या हाताचं वळण वेगळं असायचं, 'श्री'ची वेलांटी वेगळी असायची. आता वाढदिवस असो की श्रद्धांजली, अक्षर तेच असतं, फक्त फोटो बदलतो.

पाटी, रकाना आणि नावाआधीची दोन अक्षरं

अक्षरांचा आकार हा कायद्याचाही विषय आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून सर्व दुकानांना मराठी पाटी बंधनकारक केली. त्यात एक नेमकी अट आहे: मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. कारण आधी कोपऱ्यात मुंगीएवढी मराठी लिहून नियम पाळला जायचा. व्यापारी संघटना न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ ला पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीवर 'बेकरी' हा शब्द देवनागरीत आला म्हणून मराठी किती वाढली, यावर वाद घालता येईल. पण फक्त मराठीच वाचता येणाऱ्या माणसाला दुकान कशाचं आहे हे कळतं, एवढा फायदा नाकारता येत नाही.

दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त ताकद सातबाऱ्यातल्या एका ओळीत असते. गाव नमुना सात म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद, बारा म्हणजे पिकांची. एका पानावर दोन्ही. कर्ज, विमा, भरपाई, वारसा, सगळं त्या पानावर नाव आहे की नाही यावर. शेतात आयुष्यभर राबलेल्या बाईचं नाव त्यावर नसेल तर कागदोपत्री ती शेतकरी नसते. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला, त्यामुळे तलाठ्याकडच्या खेपा कमी झाल्या. पण जुन्या हाताने लिहिलेल्या पानावरची चूक टाइप होऊन आली असेल, तर ती आता जास्त अधिकृत दिसते.

रकाना बदलला की माणूसही वेगळा दिसतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. आईसाठी वेगळा रकाना नाही, ती नावातच आली. याउलट नावाआधीच्या 'सौ.', 'कु.', 'गं. भा.' या एक-दोन अक्षरांनी पत्रावर आणि पत्रिकेवर बाईचं वैवाहिक आयुष्य जाहीर होतं. पुरुषाचं 'श्री.' लग्नाआधीही तेच, बायको गेल्यावरही तेच. विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हे संबोधन वापरण्याचा विचार २०२३ मध्ये सरकारी पातळीवर पुढे आला, तेव्हा त्यावर जोरदार टीका झाली ती याचमुळे.

पुन्हा रेकॉर्ड रूममध्ये

शिंदे समितीच्या कामात लाखो कुणबी नोंदी सापडल्याचं सरकारने जाहीर केलं. त्या निमित्ताने मोडीचे वर्ग भरू लागले, इतिहासात रस नसलेली मंडळीही त्यात बसू लागली. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये जागा मिळाली आहे, म्हणजे ती संगणकावर टाइप करता येते. पण अडचण टाइप करण्याची कधीच नव्हती, वाचण्याची आहे.

२०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी कागदाचं छायाचित्र घेऊन देवनागरी मजकूर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली मांडली. तिला शिकवण्यासाठी दोन हजारांवर छायाचित्रं वापरली, आणि प्रत्येकाचं देवनागरी रूप आधी माणसांनी तपासून घ्यावं लागलं. यंत्रासमोरच्या अडचणी त्याच आहेत ज्या विद्यार्थ्यासमोर असतात. शब्दांत जागा नाही, ह्रस्व-दीर्घ नाही, प्रत्येक कारकुनाचा हात निराळा. त्यातून वाळवीने खाल्लेला भाग, पाण्याने पसरलेली शाई. एखाद्या ओळीत नाव 'रामा' आहे की 'राणा', हे ठरवायला वाचणारा त्याच हाताने लिहिलेली मागची चार पानं उलटतो, तिथला 'म' कसा काढलाय ते बघतो आणि मग पेन्सिलने समासात लिहितो.